सात मोजून एक सूर

थंडीत पितळ ओठाला चिकटतं. जोरानं ओढलं तर कातडी घेऊनच सुटतं. म्हणून नाताळापासून मार्च संपेपर्यंत शिंगाच्या तोंडाला बदकाची चरबी चोळायची, आणि वाजवताना तोंडात तीच चव.

*

कापडाच्या धाग्यासाठी जवसाचे देठ साचलेल्या पाण्यात दहा दिवस कुजवायचे. मग वाळवायचे, कुटायचे, विंचरायचे. त्या दहा दिवसांत गावातल्या सगळ्या बायकांच्या हातांना एकच वास असतो. राखेनं जात नाही, वाळूनं जात नाही.

*

माझ्या कागदावर एकच ओळ. सात, एक. सात, एक. अकरा, एक, एक. चाळीस. सात, एक.

*

माझ्या शेजारी वाजवणाऱ्या फेदोतची बायको वारली ती ईस्टरआधीचा मोठा उपवास सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात. सगळं गाव धिरडी खात होतं. तिनंही पीठ भिजवून ठेवलं होतं. त्याच पिठाची धिरडी तिच्या मातीला आलेल्या लोकांनी खाल्ली.

*

"विहिरीवर कोण आलंय बघ गं."

"सतरावा."

"आणि मागून?"

"सतराव्याची."

*

नावाडी सांगतो की वारा पडलेला असेल तर आमची शिंगं सहा वेर्स्तांवर, म्हणजे दोन कोसांवर, ऐकू जातात. तिकडच्या गायी चरायच्या थांबतात, माना वर करतात, आणि काही होत नाही म्हटल्यावर पुन्हा चरू लागतात.

*

आता सलग सांगतो, जमेल तेवढं.

ओका नदीच्या काठी वेरेतेयेवो नावाचं गाव. गाव, जमीन, गुरं आणि आम्ही माणसं, सगळं आर्सेनी इल्यिच तार्बेयेव यांच्या मालकीचं. त्यांनी गावातली छत्तीस माणसं निवडली: ज्यांची छाती भरदार, पुढचे दात शाबूत आणि तोंड बंद ठेवायची सवय. प्रत्येकाला एक शिंग दिलं. एका शिंगातून एकच सूर निघतो, दुसरा निघत नाही. सगळ्यात लहान शिंग हाताच्या पंजाएवढं. सगळ्यात मोठं दोन माणसं उचलतात आणि लाकडी घोडीवर टेकवून वाजवतात. छत्तीस माणसं आपापल्या जागी आपापला सूर फुंकत गेली की पीटर्सबर्गच्या नाटकघरात इटालियन लोक जे वाजवतात ते आमच्या तळ्याकाठी ऐकू येतं. असं म्हणतात. मी ते ऐकलेलं नव्हतं.

मी सिसोय. माझं शिंग सतरावं. अठरा वर्षं मी ते वाजवलं आणि अठरा वर्षांत मी कधीही ऐकलं नाही, कारण ऐकायचं नसतं. मोजायचं असतं. सात ठोके गप्प, एक ठोका फुंकायचं. पुन्हा सात गप्प. आमचे मास्तर बोहेमियातून आलेले, यान वोंद्राचेक. गाव त्यांना इवान आंतोनिच म्हणायचं, कारण माणसाला बापाचं नाव असायला हवं, आणि त्यांचा बाप कोण होता हे कुणाला नीट माहीत नव्हतं. ते काठीनं कागद ठेवायच्या लाकडी चौकटीवर ठोके द्यायचे आणि पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला सांगितलं, "ऐकलंस की संपलास. ज्याला गोड लागतं तो चुकतो."

त्यांचं खरं होतं. पहिल्या वर्षी बाविसावा ऐकत बसला. त्याच्या जागेवर भोक पडलं. मास्तरांनी काही केलं नाही, मालकांनी केलं. नंतर बाविसावाही मोजायला लागला.

माणसं आम्हाला नावानं कमी आणि आकड्यानं जास्त ओळखायची. माझ्या डाव्या हाताला सोळावा, म्हणजे फेदोत. त्याचा सूर माझ्यापेक्षा जेमतेम अर्ध्या पायरीनं खाली. अठरा वर्षं एका माणसाच्या शेजारी उभं राहिलं की त्याचा श्वास कधी आत जातो आणि कधी बाहेर येतो हे बायकोपेक्षा जास्त कळतं.

बायको. उस्तिन्या. मालकांच्या माग-घरात अकरा माग होते. जवसाचं कापड विणायला अकरा बायका बसायच्या. दारातून तिसऱ्या मागावर ती.

*

ईस्टर झाल्यावर मुकादम सावेलीनं सगळ्यांना अंगणात उभं केलं. त्याच्याकडे कागद होता, पण त्यानं तो वाचला नाही.

"पीटर्सबर्गच्या एका राजपुत्राला शिंगांचा ताफा हवाय. आपला जातोय. शिंगं, कागद, मास्तर, तुम्ही, सगळं. त्रैक्याच्या सणाआधी त्यांचा माणूस ऐकायला येईल. आवडलं की उन्हाळ्यात निघायचं."

त्रैक्याचा सण म्हणजे काय, असं ऐकणारा विचारेल. ईस्टरनंतरचा पन्नासावा दिवस, देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांचा सण. आम्ही तेव्हा घरात बर्चच्या फांद्या लावतो.

कुणीतरी मागून विचारलं, "बायका?"

"बायका माग चालवतात," सावेली म्हणाला. "मालक शिंगं विकतायत, माग नाही विकत. हिवाळ्यात बर्फानं रस्ता पक्का झाला की मग बघू म्हणालेत."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. मी काय मालकांच्या डोक्यात राहतो?"

*

माग-घराच्या खिडकीशी मी उस्तिन्याला सांगितलं. तिनं धोटा थांबवला नाही. ओळ संपवली, मग थांबली.

"किती जण?"

"छत्तीस."

"छत्तीस कशाला हवेत त्यांना? पस्तिसांत भागणार नाही?"

"चुलीवरची भाजी आहे का ती, एक गाजर कमी टाकायला?"

"मग एक गाजर दोन ठिकाणी टाकता येत नाही?" ती म्हणाली, आणि पुन्हा धोटा हाणला.

तिला विनोद करायचा नव्हता. तिला कामाची भाषा येत होती. एका बाईनं दोन रिळं सांभाळली तर दुसरी बाई मोकळी होते, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण तिच्या बोलण्यातलं ते मला चार दिवसांनी फेदोतच्या तोंडून पुन्हा ऐकायला मिळालं. शनिवारी आम्ही गावच्या न्हाणीघरात वाफेत बसलो होतो. फेदोत सगळ्यात वरच्या फळीवर.

"तुझं शिंग मी घेतो," तो म्हणाला.

"काय?"

"डाव्या हातात माझं, उजव्या हातात तुझं. बाकीच्या ताफ्यांत करतात. शेजारचे दोन सूर एकाच माणसाकडे. मास्तरच एकदा बोलले होते."

"आणि लागोपाठ आले तर?"

"तर हात पटकन हलवायचे. तू अठरा वर्षं हात हलवायचं काम केलंयस का रे? नुसता उभा राहतोस."

"फेदोत, दोन शिंगं वाजवलीस तरी तुला जावं लागणारच."

"मी जाणारच आहे." त्यानं न्हाणीतल्या बर्चच्या फांदीनं, घाम निघावा म्हणून, पाठीवर सपासप मारून घेतलं. "माझ्या घरात आता झुरळंसुद्धा राहत नाहीत. तिच्या हातचं सांडलेलं खायची सवय होती त्यांना. तू राहा. तुला पोरगी आहे."

माझी मुलगी पाराशा. तेव्हा सहा वर्षांची.

*

मास्तर इवान आंतोनिच यांनी ऐकून घेतलं आणि बराच वेळ नाकाला बोट लावून बसले. त्यांचंही पोट त्या विक्रीवर होतं. राजपुत्राला ताफा आवडला नाही तर मालक त्यांनाही ठेवणार नव्हते.

"यादी अजून गेलेली नाही," ते शेवटी म्हणाले. "पत्रात मालकांनी 'तीसहून अधिक' लिहिलंय. पस्तीस हेही तीसहून अधिकच. मालकांना गवत कापायला एक माणूस उरला तर ते नाही म्हणणार नाहीत. पण फेदोत, एक सूर जरी चुकला ना..."

"नाही चुकणार."

"चुकला तर मी यादीत छत्तीस लिहीन. कुणावर राग म्हणून नाही. मलाही जगायचंय."

"कळलं."

"आणि सिसोय, तू रडू नकोस. शिंगात पाणी जातं."

मी रडत नव्हतो. ते त्यांच्या परीनं थट्टा करत होते.

*

पाच आठवडे. गुरांच्या गोठ्यामागे, दुपारच्या जेवणानंतर. फेदोत पुढे, मी मागे. मी मोजायचो आणि त्याच्या पाठीवर, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, बोटांनी ठोके द्यायचो. माझा सूर आला की सगळा पंजा. शर्टाला भोक पडलं तिथं.

पहिल्या आठवड्यात त्याचे दात दुखले. दुसऱ्यात खालचा ओठ फाटला. तिसऱ्यात तो झोपेत हात हलवायचा, असं त्याच्या शेजारच्या झोपडीतली म्हातारी सांगायची. चौथ्यात जमलं. पाचव्यात एकदाही चुकला नाही. उस्तिन्या त्याच्यासाठी दही पाठवायची, ओठाला लावायला. तो ते खाऊन टाकायचा.

"ओठाला लाव म्हणाली ती."

"ओठावरूनच जातं की आत," तो म्हणायचा.

त्या पाच आठवड्यांत मी उस्तिन्याला एकदाही विचारलं नाही की तिला काय वाटतं. घरात ती बर्फ पडायच्या आधी छपराचं काय करायचं यावर बोलायची. म्हणजे पुढच्या हिवाळ्याचं. मी हो म्हणायचो. दोघांनाही समजत होतं की आम्ही कशाबद्दल बोलतोय.

*

राजपुत्राचा माणूस आला. गाव्रिला देनिसोविच. जाड, पाय दुखणारा, पण लहानपणी दरबाराच्या प्रार्थनागृहात गायलेला. त्याचा कान तिथं घडला होता. तो बसला तळ्याच्या या बाजूला, मालकांच्या शेजारी, व्हरांड्यात, समोर क्वासचा, आंबवलेल्या पावाच्या थंड पेयाचा, मग घेऊन. आम्ही पलीकडच्या बर्चच्या झाडीत. पाण्यावरून सूर गेला की तो गोल होतो, म्हणून नेहमी तसंच उभं करायचे.

पस्तीस जण चार ओळींत. फेदोतच्या दोन्ही हातांत शिंगं. त्याच्या उजवीकडे माझी जागा रिकामी होती, म्हणून अठराव्याला एक पाऊल सरकायला सांगितलं होतं.

मला मास्तरांनी मागच्या हेझलच्या झुडपात उभं केलं. माझं नेहमीचं शिंग फेदोतकडे होतं. मला त्यांनी एक जुनं दिलं, त्याच सुराचं, मधोमध कथलाचं ठिगळ लावलेलं. "त्याचा ओठ फाटला, रक्त आलं, श्वास तुटला, तरच. नाहीतर तू झाड आहेस. काय आहेस?"

"झाड."

पहिली शिकारीची चाल झाली. दुसरं इटालियन काहीतरी. फेदोतनं दोन्ही काढली, बिनचूक. झुडपातून मला त्याची मान आणि शर्टाचं भोक दिसत होतं. पाठीवर बोटं ठेवायला मी नव्हतो, तरी तो चुकला नाही. माझा जीव भांड्यात पडत होता, थोडा थोडा, प्रत्येक वेळी तो माझा सूर बरोबर जागी टाकत होता तेव्हा.

मग तिसरं. आम्ही त्याला तिसरंच म्हणायचो, कारण ते नेहमी तिसरं यायचं. नऊ वर्षांपूर्वी मास्तरांनी बसवलेलं. मालक पाहुण्यांना सांगायचे, हे रशियन आहे, ऐका. माझ्यासाठी तिसरं म्हणजे: सात, एक. सात, एक. अकरा, एक, एक. चाळीस. सात, एक.

मी झाड होतो. मला मोजायचं नव्हतं. पाठीवर ठोके द्यायचे नव्हते. अठरा वर्षांत पहिल्यांदा मला करण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून ऐकू आलं.

*

ते उस्तिन्याचं गाणं होतं. माग-घरात ती म्हणते ते. पाणी आणायला गेलेली मुलगी परत येत नाही, तिची कावड तेवढी एकटी चालत अंगणात येते, आई कावडीला विचारते आणि कावड सांगत नाही. मास्तर एकदा कागद घेऊन माग-घराच्या पायरीवर दोन दिवस बसले होते, ते मला आठवलं. बायकांना वाटलं होतं ते कापड मोजायला आलेत.

तिच्या गाण्यात एक जागा आहे. आई विचारते तिथं. उस्तिन्या तिथं श्वास थोडा उशिरा घेते, मग आवाज एका पायरीवर चढतो आणि तिथंच उभा राहतो. उतरायला हवा त्यापेक्षा जरा जास्त वेळ. घरात ती म्हणायची तेव्हा तिथं आल्यावर मी हातातलं काम थांबवायचो. का थांबवतो, हे मला कधी कळलं नव्हतं.

ती पायरी म्हणजे मी. सतरावं शिंग. नऊ वर्षं मी तिच्या गाण्यातला तोच सूर फुंकत होतो, आणि मला फक्त सात आकडा माहीत होता.

पहिल्यांदा फेदोतनं वाजवला. बरोबर होता.

दुसऱ्यांदा. मग अकरांनंतरचा, लांबवलेला. बरोबर होता. त्यात काहीही खोट नव्हती, हे मी देवासमोर सांगेन.

चाळीस ठोके संपले. आकडे मी बोलावले नव्हते. ते आपले आपण आले.

एक. मुलगी पाण्याला गेली.

दोन. आई दारात उभी.

तीन. फेदोतनं डावं शिंग खाली घेतलं, उजवं वर केलं.

चार. त्याचे खांदे वर आले.

पाच. कावड अंगणात आली.

सहा. ठिगळाचं शिंग माझ्या हातात कुठे होतं, मी पाहिलं नाही.

सात.

*

फेदोत बरोबर ठोक्यावर आला. मीही.

*

संपल्यावर तळ्यापलीकडून हात वर झाला. गाव्रिला देनिसोविच उठून कठड्याशी आला होता.

"शेवटचा भाग पुन्हा."

पुन्हा वाजवलं. या वेळी मी दोन्ही हात शिंगावरून काढून झाडाच्या खोडाला धरले होते.

"हा नाही. मघाचा."

मास्तर म्हणाले, "तोच आहे, साहेब."

"तो नाही. मघाशी त्या वरच्या सुराला पाठ होती. मागे कुणीतरी उभं असल्यासारखी. आता नुसता सूर आहे." आणि तो दुखऱ्या पायांनी तळ्याला वळसा घालून आला. यायला त्याला बराच वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही सगळे जागच्या जागी उभे होतो. पळून जायचं कुणाच्या, माझ्याही, मनात आलं नाही. वाजवणं संपल्यावर हुकूम होईपर्यंत हलायचं नाही, ही सवय.

त्यानं झुडूप बाजूला केलं. माणूस वाईट नव्हता. माझ्या तोंडाकडे पाहिलं, ओठावरच्या गोल खुणेकडे.

"तू इथे का?"

मी खोडावरचे हात काढले.

"जादाचा आहे," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मी आधी कधी असा ऐकला नव्हता.

"जादाचा कसा? हाच तर आहे." तो फेदोतकडे वळला. "आणि हाही. हा दोन सांभाळतो, त्यालाही ठेवा. पण या सुराला दोघं हवेत. राजपुत्रांना मी हेच वाजवून दाखवणार आहे." मग व्हरांड्याकडे तोंड करून तो ओरडला, प्रार्थनागृहात गायलेल्या माणसाला शोभेल इतक्या मोठ्या आवाजात, "आर्सेनी इल्यिच, छत्तीस."

*

उस्तिन्याला मी काय सांगितलं:

फेदोतचा श्वास तुटत होता. सावरायला म्हणून फुंकलं. नाहीतर सगळ्यांचंच गेलं असतं.

पाद्रीबुवांना कबुलीच्या वेळी काय सांगितलं:

गर्व झाला. माझा सूर दुसऱ्याच्या तोंडातून बरोबर येतोय, हे सहन झालं नाही. पाद्रीबुवांनी चाळीस साष्टांग नमस्कार सांगितले. चाळीस मोजायला मला वेळ लागला नाही.

फेदोतला काय सांगितलं:

काहीच नाही. त्यानं विचारलं नाही.

तिन्हींत खरं कुठलं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता मी म्हातारा आहे, पीटर्सबर्गला एका वाड्यात शेगड्या पेटवतो, आणि आताही माहीत नाही. गाण्याच्या त्या जागेवर उस्तिन्या एकटी उभी राहिली होती आणि मी तिच्याजवळ गेलो, असं कधी कधी वाटतं. मग वाटतं, हेही मी नंतर जोडलेलं असेल.

*

उस्तिन्या फेदोतकडे गेली. मी तिला अडवलं नाही. तो दारात बसून कुऱ्हाडीला धार लावत होता. मी कुंपणाशी होतो, मला सगळं ऐकू आलं.

"फेदोत, खरं सांग. तुझा श्वास तुटत होता?"

त्यानं दगड पात्यावरून शेवटपर्यंत नेला.

"हो," तो म्हणाला. "तुटत होता."

"पाच आठवडे दही खाल्लंस माझ्या हातचं."

"खाल्लं."

"मग पाच आठवड्यांत एवढंही जमलं नाही तुला?"

"नाही जमलं."

ती वळली. कुंपणाशी माझ्याजवळून गेली तेव्हा तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. तिनं माझी समजूत काढली. मी तिथंच बोलायला हवं होतं. अंतर फार नव्हतं, बारा पावलं. मी मोजली.

*

निघायच्या दिवशी सकाळी गाड्या उभ्या होत्या. शिंगं गवतात गुंडाळून ठेवली होती. उस्तिन्यानं काळा पाव आणला होता, कापून, मीठ लावून, आणि ती गाडीगाडीशी जाऊन सगळ्यांना देत होती. तिसावा रडत होता, त्याला दोन दिले. फेदोतच्या समोरून ती हात टोपलीत न घालता पुढे गेली. त्यानं टोपी काढली होती, ती पुन्हा घातली.

मग ती माझ्याकडे आली.

"एक सांगायचंय," मी म्हणालो. "ते तिसरं आहे ना आमचं. ते तुझं कावडीचं गाणं आहे."

ती म्हणाली, "मग?"

"मला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"की ते गाणं आहे. तुझं. आणि ती आई विचारते तिथला सूर माझा आहे."

"नऊ वर्षं वाजवतोयस."

"मोजत होतो."

पाराशा तिच्या झग्याला धरून उभी होती, घोड्याकडे बघत. उस्तिन्यानं टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी नदीवर धुवायला जायचे तेव्हा ऐकू यायचं," ती म्हणाली. "मला वाटायचं तू तो माझ्यासाठी लांबवतोस."

"कागदावर तिथं 'एक, एक' आहे. दोन ठोके."

"हो का," ती म्हणाली.

या वेळीही मी बोलू शकलो असतो. सावेलीनं गाडीच्या बाजूवर थाप मारली.

*

पहिल्या मुक्कामापर्यंत मी आणि फेदोत एकाच गाडीत, शेजारी. सोळावा आणि सतरावा. मी माझा पाव मोडून अर्धा त्याच्यापुढे धरला. त्यानं घेतला नाही.

"तू खोटं का बोललास?" मी विचारलं.

"ती कुणावर तरी रागावणारच होती."

"मग माझ्यावर रागावली असती."

"तू नवरा आहेस तिचा. हिवाळ्यात ती आली तर तुझ्याकडे येणार, माझ्याकडे नाही. तुझ्यावरचा राग घेऊन कशाला यायचं एवढ्या लांब?" त्यानं गवताची काडी दाताखाली धरली. "मी कोण? सोळावा."

"आणि नाही आली तर?"

"नाही आली तर काय फरक पडतो, कुणावर रागावली त्याचा?"

गाडी गावाबाहेरच्या उताराला लागली.

"ते गाणं होतं म्हणे," तो म्हणाला. "सकाळी तू तिच्याशी बोलत होतास तेव्हा ऐकलं. कसं आहे?"

"तू वाजवलंयस."

"मी मोजत होतो," फेदोत म्हणाला. "म्हण जरा."

मला म्हणता येईना. सुरुवात कुठून करायची, हेच कळेना. मला त्यातला एकच सूर येत होता.

*

हिवाळा आला, रस्ता पक्का झाला. बायका आल्या नाहीत. दुसऱ्या हिवाळ्यात मालक आर्सेनी इल्यिच वारले आणि त्यांच्या मालमत्तेचे तीन वाटे झाले. माग-घर त्यांच्या बहिणीच्या वाट्याला गेलं, दूर, तांबोवच्या बाजूला, अकराही बायकांसकट. कुणीतरी पत्र लिहून देईन म्हणालं. पत्र तिकडचा मुकादम सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचणार, हे मला ठाऊक होतं. मी लिहायला सांगितलं: मी बरा आहे, बर्फ खूप आहे, पाराशाला आशीर्वाद. फेदोतचा श्वास तुटत नव्हता, हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. लेखनिकानं लेखणी वर धरून विचारलं, "आणखी काही?"

"एवढंच," मी म्हणालो.

राजपुत्रानं आम्हाला नेव्हा नदीवर नावेतून वाजवायला लावलं. अकरा उन्हाळे. लोक काठावर गर्दी करायचे. तिसरं वाजायचं तेव्हा सगळे शांत व्हायचे, असं म्हणतात. मी पुन्हा मोजायला लागलो होतो. एका हिवाळ्यात फेदोतच्या छातीत पाणी झालं आणि तो गेला. त्याच्या जागी नवीन सोळावा आला. नंतर राजपुत्राला तारेची वाद्यं आवडू लागली. शिंगं खोलीत गेली आणि माणसं जिथं हात हवे होते तिथं: कुणी तबेल्यात, कुणी स्वयंपाकघरात, मी शेगड्यांवर.

उस्तिन्या जिवंत असेल तर अजून फेदोतवर रागावलेली असेल.

*

पाराशा जन्मली तेव्हा मी ओका नदीवर होतो, मालकांच्या पाहुण्यांच्या नावेमागच्या नावेत, शिंग घेऊन, मोजत. तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती अकरा दिवसांची होती.